घरे पाहायला चला

वैशाख संपत आला, की शहापूर-मुरबाडकडच्या जुन्या घरांत घाई सुरू होते. कोणी छपरावर चढून कौले चाळतो. कोणी गवताच्या पेंढ्या वर फेकतो. बायका शेणमाती कालवून भिंतींच्या भेगा बुजवतात. माहुलीच्या डोंगरावर ढग दिसू लागले, की ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "घर शाकारून झालं का?"

अशा वेळी कोणी पाहुणा आला आणि म्हणाला, "तुमच्यासारखं कुडाचं घर पाहायला लोक लांबून येतात, तिकीट काढून येतात," तर तुम्ही काय म्हणाल? तुम्ही हसाल. म्हणाल, "यात काय पाहायचंय? कारवीच्या काड्या आणि शेणमाती!"

पण पाहुण्याचे बोलणे खोटे नाही. शेतकऱ्यांची जुनी घरे मुद्दाम जपून ठेवलेली ठिकाणे जगात पुष्कळ आहेत. आपल्या देशातही आहेत. ती कशी असतात, तिथे काय पाहावे, आणि त्यांचा आपल्या घराशी काय संबंध, ते आता समजून घेऊ.

घरांचे संग्रहालय म्हणजे काय?

संग्रहालय हा शब्द तुम्ही ऐकला असेल. जुन्या, मोलाच्या वस्तू गोळा करून लोकांना पाहण्यासाठी मांडून ठेवतात, त्या जागेला संग्रहालय म्हणतात. बहुतेक संग्रहालयांत राजांच्या तलवारी असतात, देवांच्या मूर्ती असतात, सोन्याची नाणी असतात. त्या काचेच्या कपाटात ठेवलेल्या असतात. त्यांना हात लावायचा नाही, लांबूनच पाहायचे.

घर मात्र कपाटात मावत नाही. म्हणून घरांचे संग्रहालय उघड्यावर असते. मोठे माळरान किंवा टेकडी घेतात. तिथे वेगवेगळ्या मुलखांतली घरे उभी करतात. एका घरातून दुसऱ्या घरात चालत जायचे. ओट्यावर बसायचे. चूल पाहायची, जाते पाहायचे, गोठा पाहायचा. एका दिवसात दहा मुलूख पाहिल्यासारखे वाटते.

इथे राजाचा वाडा मुख्य नसतो. मुख्य असते ते साध्या कष्टकरी माणसाचे घर. राजाने काय केले ते पुस्तकांत लिहिलेले असते. पण शेतकरी कसा राहत होता, पावसापासून धान्य कसे वाचवत होता, हे फारसे कोणी लिहून ठेवले नाही. ते त्याच्या घरातच लिहिलेले असते. घर पडले, की ते लिखाणही पुसले जाते.

ही कल्पना निघाली कुठून?

युरोपात स्वीडन नावाचा देश आहे. तिथे थंडी फार. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ पडते. त्या देशात आर्टुर हाझेलियस नावाचा एक विद्वान होता. १८७२ साली तो दालार्ना नावाच्या भागात हिंडत होता. तेव्हा त्या देशात कारखाने निघाले होते, आगगाडी आली होती. खेड्यांतले लोक जुने कपडे, जुनी भांडी, जुनी घरे टाकून देत होते. हाझेलियसला वाटले, हे सगळे असेच गेले, तर आपले आजोबा-पणजोबा कसे जगले हे पुढच्या मुलांना कळणारच नाही.

त्याने आधी वस्तू जमवल्या. मग १८८५ साली दालार्नातल्या मोरा या गावचे एक शेतकऱ्याचे घर विकत घेतले. तिकडची घरे लाकडी ओंडक्यांची असतात. ओंडक्यावर ओंडका रचून भिंत करतात. असे घर उकलता येते. एकेका ओंडक्यावर खूण करायची, घर उतरवायचे, ओंडके गाडीतून न्यायचे, आणि खुणा पाहून पुन्हा जसेच्या तसे रचायचे. आपण बैलगाडीची चाके, साटा, जू वेगळे करून पुन्हा जोडतो, तसेच हे.

१८९१ साली स्टॉकहोम शहरातल्या एका टेकडीवर हाझेलियसने हे संग्रहालय लोकांना उघडे केले. त्याचे नाव स्कान्सेन. आज तिथे सुमारे १५० जुन्या इमारती आहेत. स्कान्सेन पाहून युरोपातल्या कित्येक देशांनी आपापल्या शेतकऱ्यांची घरे अशीच जपली.

आपल्या देशात

आपल्याकडेही हे काम झाले आहे. चेन्नई शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठी मुट्टुकाडू नावाचे गाव आहे. तिथे दक्षिणचित्र नावाचे संग्रहालय १९९६ साली सुरू झाले. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्र या मुलखांतली जुनी घरे तिथे आहेत. मालक घर पाडायला निघाले होते. संग्रहालयाच्या लोकांनी ती घरे विकत घेतली, उकलली आणि आणून पुन्हा उभी केली. केरळातली घरे लाकडी असतात. खाच आणि कूस बसवून जोडलेली असतात. म्हणून ती उकलणे जमले.

गोव्यात बाणावलीला गोवा चित्र नावाचे संग्रहालय आहे. तिथे शेतीची जुनी अवजारे आहेत. त्याची इमारत बांधताना पाडलेल्या जुन्या घरांची दारे, खिडक्या, खांब वापरले आहेत. कोल्हापूरजवळ कणेरी मठात जुन्या गावाचा देखावा केला आहे. सुतार, लोहार, कुंभार, नांगर धरलेला शेतकरी असे सगळे सिमेंटच्या पुतळ्यांत दाखवले आहेत. ते पुतळे इतके हुबेहूब आहेत, की लहान मुले त्यांच्याशी बोलायला जातात.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. लाकडाचे घर उकलून नेता येते. पण आपले कुडाचे घर? कारवीच्या काड्यांना लिंपलेली शेणमाती कशी उकलणार? भिंत काढायला गेलो, तर हातात मातीच येईल. गवताचे छप्पर तर दोन-चार वर्षांत कुजते. असे घर जपायचे कसे?

याचे उत्तर समजायला आधी आपले घर नीट पाहावे लागेल. रोज पाहतो, म्हणून आपण ते नीट पाहतच नाही.

कुडाचे घर उभे राहते कसे?

आपल्या दोन्ही तालुक्यांच्या पूर्वेला सह्याद्री उभा आहे. पावसाळ्यात इथे सुमारे शंभर इंच पाऊस पडतो. चार महिने पाणी, चार महिने थंडी, चार महिने ऊन. हे तिन्ही सोसायचे आणि सामान सगळे जवळच्या रानातलेच वापरायचे. जुन्या माणसांनी हे कोडे कसे सोडवले ते पाहा.

आधी जोते. दगड-मातीचा चौथरा करून तो धुमसतात. जोते उंच असले, की अंगणातले पाणी घरात शिरत नाही आणि जमिनीची ओल वर चढत नाही.

मग खांब. वरच्या टोकाला बेळके असलेला खांब म्हणजे मेढ. साग किंवा ऐन अशा टिकाऊ लाकडाची मेढ निवडतात. बेळक्यात आडवे लाकूड बसते, त्याला खिळा लागत नाही. सगळ्यांत उंच आडवे लाकूड म्हणजे आढे. आढ्यापासून दोन्ही बाजूंना वासे उतरतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. म्हणून जुनी माणसे घर फुटांत मोजत नसत. ती म्हणत, "तीन खणांचं घर", "पाच खणांचं घर".

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. छपराचा भार खांबांवर आहे, भिंतीवर नाही. भिंत पावसाने भिजली, पडली, तरी घर पडत नाही. भिंत पुन्हा बांधता येते. खांब नव्या घरालाही चालतात. आजोबाच्या घराची मेढ नातवाच्या घरात उभी आहे, अशी घरे आपल्याकडे आहेत.

मग कूड. कूड म्हणजे कारवीची भिंत. कारवी सह्याद्रीच्या उतारावर दाट वाढते. तिची गंमत अशी, की ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. सगळे डोंगर जांभळे होतात. बी धरले, की ते झाड मरते. त्याची काठी सरळ, हलकी आणि चिवट असते. अशा काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून आडव्या कामट्यांना बांधतात. त्यावर दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपतात. त्या मातीत भाताचा तूस किंवा पेंढ्याचे तुकडे घालतात. का? माती वाळताना आकसते आणि तडकते. तुसाचे आणि पेंढ्याचे धागे तिला धरून ठेवतात. शहरातले इंजिनिअर सिमेंटमध्ये लोखंडी सळई घालतात, त्यामागचा विचारही असाच आहे. काही घरांत कुडाचा वरचा भाग लिंपत नाहीत. तिथून धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो.

बांबूचेही एक शास्त्र आहे. बांबूत पिठासारखा गोड अंश असतो. तो खायला भुंगा येतो आणि बांबू पोखरतो. म्हणून बांबू पावसाळा सरल्यावर तोडतात आणि काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. गोड अंश पाण्यात उतरतो. मग भुंगा फिरकत नाही. हे कोणी शाळेत शिकवले नव्हते. बापाने लेकाला दाखवले, लेकाने नातवाला दाखवले.

छपरापासून चुलीपर्यंत

आता छप्पर. आपल्याकडे छप्पर उतरते असते. पाऊस मोठा, म्हणून उतार मोठा. पाणी थांबले, की गवत कुजते आणि कौल पाझरते. "वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही," अशी म्हण आहे. पाणी आढ्याकडून वळचणीकडे धावते आणि पागोळ्या होऊन अंगणात पडते. वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे काढलेली असते. त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात आणि मातीची भिंत वाचते. मातीच्या घराला डोक्यावर मोठी टोपी आणि पायात चांगले जोते हवे. मग ते पुष्कळ वर्षे टिकते.

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. तो पाऊस तिरपा आणतो. म्हणून त्या बाजूच्या भिंतीला बाहेरून पेंढ्याचा किंवा पानांचा आडोसा बांधतात. आश्विनात तो काढून टाकतात. चार महिन्यांपुरते घराला इरले घातले, असे समजा.

वळचणीखालची पुढची जागा म्हणजे पडवी किंवा ओटी. तिथे पाहुणा बसतो, भाताचे बी ठेवतात, पावसात नांगर-जू राहते, दुपारी म्हातारी माणसे आडवी होतात. एप्रिल-मे महिन्यांत ऊन भिंतीवर थेट पडत नाही, पडवीवर अडते. म्हणून माजघर गार राहते.

माजघरात कणगी असते. बांबूच्या बेळांची विणलेली, शेणाने लिंपलेली. वर्षाचे भात तिच्यात राहते. लिंपल्यामुळे किड्याला आत शिरायला फट मिळत नाही.

चुलीच्या वर माळा. बायका बियाणे तिथे टांगतात. भोपळ्याचे बी, काकडीचे बी, मक्याची कणसे. चुलीच्या धुराने बियाला कीड लागत नाही. तोच धूर वर जाऊन वाशांना आणि गवताला लागतो. म्हणून तिथेही वाळवी आणि किडे कमी. चूल फक्त भाकरी भाजत नव्हती, ती घराची राखणही करत होती.

शेजारी गोठा. थंडीत गुरांची ऊब घराला मिळते. रात्री बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली, की धनी जागा होतो.

सगळ्यांची घरे सारखी नव्हती. कुणब्याचे घर मोठे, कौलारू, पुढे ओटी आणि मागे पडवी. ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी यांची घरे आपापल्या रीतीची. वारली बायका लग्नात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरा चौक काढत. तीच चित्रकला आज जगभर गेली आहे. तिचा पहिला कागद म्हणजे कुडाची भिंत होती.

भोपाळची टेकडी

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. असे घर संग्रहालयात न्यायचे कसे?

मध्य प्रदेशात भोपाळ शहर आहे. तिथे मोठ्या तलावाच्या काठी श्यामला टेकडी आहे. त्या टेकडीवर सुमारे २०० एकर जागेत इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. भारत सरकारने ते १९७७ साली दिल्लीत सुरू केले आणि थोड्याच काळात भोपाळला आणले. टेकडीवरच्या खडकांत फार जुन्या माणसांनी काढलेली चित्रेही आहेत. म्हणजे माणसाचे सगळ्यांत जुने घर, खडकाची कपार, तीसुद्धा तिथे पाहायला मिळते.

या संग्रहालयाने कुडाचे कोडे सोडवले ते असे. त्यांनी घर आणले नाही, घर बांधणारी माणसे आणली. देशातल्या अनेक आदिवासी जमातींच्या लोकांना बोलावले. ते लोक आपले सामान घेऊन आले आणि त्यांनी आपल्या रीतीने, आपल्या हातांनी आपले घर बांधले. खेळण्यातले नव्हे, खरे, राहण्याजोगे. आपल्या महाराष्ट्रातल्या वारल्यांचे घरही तिथे आहे. निलगिरीच्या तोडा लोकांचे घर आहे. ते अर्ध्या पिंपासारखे गोल आणि दार इतके लहान, की वाकून, रांगत आत जावे लागते. बाहेर थंडी असते आणि आतली ऊब जाऊ द्यायची नाही, म्हणून दार लहान. आसामातल्या बोडो लोकांचे घर आहे. हिमालयातल्या, वाळवंटातल्या आणि समुद्रकाठच्या गावांचे वेगवेगळे भाग आहेत.

तिथली गवताची छपरेही कुजतात, लिंपण गळते. मग ते जाणणाऱ्या माणसांच्या हातानेच दुरुस्त करावे लागते. म्हणजे हे संग्रहालय खरे तर दोन गोष्टी जपते. एक घर आणि दुसरी ते बांधण्याची विद्या. विद्या असेल, तर पडलेले घर पुन्हा उभे राहते. विद्या गेली, तर उभे घरही फार दिवस टिकत नाही.

भोपाळ लांब नाही. आसनगाव, खर्डी, कसाऱ्यावरून धडधडत जाणाऱ्या काही गाड्या भुसावळ-इटारसीवरून भोपाळलाच जातात. कल्याणला गाडीत बसले, की एका रात्रीचा प्रवास.

तिथे गेल्यावर काय पाहावे?

पुष्कळ लोक जातात, फोटो काढतात आणि परत येतात. पाहणे म्हणजे एवढेच नव्हे. प्रत्येक घरापाशी उभे राहून स्वतःला काही प्रश्न विचारावे.

छताला उतार किती आहे? म्हणजे तिथे पाऊस किती पडत असेल?
दार कोणत्या बाजूला आहे? वारा कुठून येत असेल?
भिंत कशाची आहे? म्हणजे त्या मुलखात काय मिळत असेल?
धान्य कुठे ठेवतात? उंदरापासून कसे वाचवतात?
गुरे आत की बाहेर?
पाणी, धूर आणि उजेड यांना वाट कुठून?
बाईला काम करायला जागा किती आणि कशी?

एवढे प्रश्न विचारले, की घर आपणहून बोलू लागते.

समजा, मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरची आजी नातवाबरोबर तिथे गेली. नातू शहरात नोकरीला. तो सगळीकडे लावलेल्या पाट्या वाचतो आहे. आजीला वाचता येत नाही. ती सरळ कुडापाशी जाते आणि भिंतीवर तळवा फिरवते.

"पोरा, हे लिंपण घाईत केलंय. माती नीट मळली नाय. पुढच्या पावसात भेग जाईल."

"आजी, तुला कसं कळलं?"

"हाताला कळतं की. माती मळून रात्रभर ठेवावी लागते."

नातवाच्या पाटीवर हे लिहिलेले नाही. तिथे घराचे नाव आहे आणि मुलखाचे नाव आहे. भिंत बरी की वाईट, हे आजीच्या तळव्याला ठाऊक आहे. त्या दिवशी त्या टेकडीवर शिकलेले कोण आणि अडाणी कोण, ते तुम्हीच ठरवा.

मग जुन्याच घरात राहायचे का?

कोणी म्हणेल, "तुम्हांला बरं आहे बोलायला. पावसात रात्रभर गळणाऱ्या घराखाली भांडी मांडून बसा, मग कळेल!"

त्यांचे म्हणणे खरे आहे. जुने ते सगळेच सोने नसते. चुलीच्या धुराने बी टिकते, पण बाईचे डोळे आणि छाती खराब होते. कुडाच्या घरात अंधार असतो. उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. गवताला आग लागायची भीती. दर वर्षी शाकारायचे, दर आठवड्याला सारवायचे, हे कष्ट बहुतेक बायकांच्याच वाट्याला. आणि आता गवत, कारवी, लाकूड पूर्वीसारखे मिळतही नाही. रान कमी झाले आणि वनखात्याचे नियमही आहेत.

म्हणून लोक पक्के घर मागतात. ते त्यांनी मागावे. सरकारनेही त्यासाठी योजना काढल्या. १९८५ साली इंदिरा आवास योजना आली. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना खेड्यांसाठी आली. कातकऱ्यांसारख्या मागे राहिलेल्या जमातींसाठी २०२३ साली पीएम-जनमन योजना आली. तीतही घरे आहेत. घरकुल हा तुमचा हक्क आहे. तो कोणी दिला नाही, तर मागायला लाजू नये.

पण घरकुल बांधताना एक पाहा. २०१६ च्या योजनेत घर निदान २५ चौरस मीटरचे असावे असे ठरले आहे. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्यात पडवी नसते, माळा नसतो, गोठा नसतो, कणगीला जागा नसते. वर सपाट स्लॅब टाकला, तर वैशाखात तो तापतो आणि रात्रीही भाजतो. मग लोक घरकुलात सामान ठेवतात आणि निजायला बाहेर मांडव घालतात. हे तुम्ही पाहिले असेल.

अशा वेळी जुन्या घराची विद्या उपयोगी पडते. भिंत विटांची असू द्या, पण जोते उंच घ्या. पश्चिमेच्या भिंतीवर पुढे काढलेले छप्पर ठेवा. पुढे बांबूची का होईना, पडवी जोडा. जुन्या घराच्या चांगल्या मेढी आणि वासे विकून टाकू नका, पडवीला वापरा. धुराला वाट ठेवा. जुने सगळे धरून बसू नये आणि सगळे फेकूनही देऊ नये. पाखडून घ्यावे. भात सुपात घेतो, कोंडा उडवतो, दाणा ठेवतो. तसेच.

तुमच्या घराची वही

"घर पाहावे बांधून," असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने बांधले, त्यालाच घर कळते. कुडाचे घर बांधलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. आपल्या पाड्यातल्या अशा माणसांची नावे बोटांवर मोजा. किती बोटे पुरली? दहा वर्षांनी किती लागतील?

संग्रहालय बांधायला जमीन लागते, पैसा लागतो. ते आपल्या हातात नाही. पण एक वही आणि एक पेन्सिल आपल्या हातात आहे. जुने घर पाडायचे ठरले, तर पाडण्याआधी एक दिवस त्याला द्या. आजोबांना किंवा आजीला ओट्यावर बसवा, आणि विचारून लिहा.

घर कोणी बांधले आणि कधी? साल आठवत नसेल, तर "थोरल्याच्या जन्माच्या वर्षी" असे लिहा.
घराला खण किती? लांबी किती हात, रुंदी किती हात? कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तो सुमारे दीड फूट भरतो.
मेढी कोणत्या लाकडाच्या? वासे कशाचे?
घराच्या एकेका भागाला आपल्याकडे काय म्हणतात? पुस्तकातला शब्द नको, घरातला शब्द लिहा.
कारवी कुठून आणली, कोणत्या महिन्यात तोडली?
लिंपणाला माती कोणत्या जागेची? तिच्यात काय मिसळले?
बांधायला मदतीला कोण कोण आले होते? त्यांना जेवायला काय केले होते?

मग घराचे चित्र काढा. रेघा वाकड्या आल्या तरी चालतील. चूल इथे, जाते इथे, देव इथे, बाळंतिणीची खाट इथे, असे लिहा. घरात मोबाइल असेल, तर प्रत्येक कोपऱ्याचा फोटो घ्या. आजी लिंपण करत असेल, तर तिच्या हातांचाही घ्या.

ही वही ग्रामपंचायतीत दाखवा, शाळेत गुरुजींना दाखवा. एका पाड्यात अशा दहा वह्या झाल्या, की ते तुमच्या गावचे संग्रहालय झाले. त्याला तिकीट नाही, कुलूप नाही. उद्या कोणाला पडवी जोडायची असेल, कुडाची खोली बांधायची असेल, तर तो वही उघडेल आणि वाचेल, "माती मळून रात्रभर ठेवावी."

आजीच्या तळव्याला जे कळते, ते आजवर कागदावर आले नाही. तिला लिहिता येत नव्हते आणि ज्यांना लिहिता येत होते, ते तिला विचारायला आले नाहीत. आता तुम्हांला लिहिता येते, आणि आजी अजून ओट्यावर बसलेली आहे. पावसाळ्याच्या आत तिच्याशेजारी जाऊन बसा.